जुनाट मलावरोध : हिरडा, बहावा आणि आपल्या सवयी



गळीत हंगाम सुरू झाला की दवाखान्यात एक तक्रार हटकून वाढते. माणूस आधी पाठीचे सांगतो, झोपेचे सांगतो आणि उठता उठता हळूच म्हणतो, "पोट काही साफ होत नाही बघा. पाच वर्षं झाली." ही पाच वर्षे तो गृहस्थ रोज रात्री कसले ना कसले चूर्ण खात असतो. पहिल्या वर्षी अर्धा चमचा पुरत होता, आता दोन चमच्यांनीही भागत नाही. म्हणजे मूळ दुखणे राहिले बाजूला आणि चूर्णाची सवय हे दुसरे दुखणे जडले.

मी उमेदीची काही वर्षे चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलभागात वैद्यकी केली. (चंद्रपूरचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा जिल्हा झाला.) तिकडे मुख्य पीक धान, आणि बाकी सगळे जंगल. पोट साफ होण्यासाठी आपण दुकानातून ज्या पुड्या आणतो, त्यांतला हिरडा, बेहडा, आवळा आणि बहावा ही सगळी त्या जंगलातली झाडे. गोंड, माडिया कुटुंबे मोहफुले, तेंदूपाने गोळा करतात तसा हिरडाही गोळा करतात. या गौण वनोपजावरचा त्यांचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने मान्य झाला, आणि २००९ मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला.

आता सांगायची गोष्ट अशी की, हिरड्याचे झाड दारात असूनही तिथल्या लोकांना मलावरोध होताच. कारण विचारावे तर, "सकाळी खर्रा तोंडात गेल्याबिगर कळच येत नाही." खर्रा म्हणजे तंबाखू-सुपारी घोटून केलेला तिकडचा प्रकार. आपल्याकडे मिश्री आहे, चहा-बिडी आहे. आतड्याला चाबूक मारल्याशिवाय ते हलायचेच नाही अशी त्याला आपणच सवय लावतो. मग झाड दारात असून उपयोग काय?

आयुर्वेदाने पोट साफ करणाऱ्या औषधांच्या पायऱ्या केल्या आहेत. शार्ङ्गधराने चार प्रकार सांगून प्रत्येकाला एकेक वनस्पती दाखला म्हणून दिली. मळ पक्व करून, वायूला त्याच्या वाटेने खाली नेणारे ते अनुलोमन, दाखला हिरडा. चिकटून राहिलेला मळ न पिकवताच सरकवणारे ते स्रंसन, दाखला बहावा. घट्ट गोळे फोडणारे ते भेदन, दाखला कुटकी. आणि पातळ करून बाहेर काढणारे ते रेचन, दाखला निशोत्तर. जुनाट मलावरोधाला पहिल्या दोन पायऱ्या बहुधा पुरतात. आपण मात्र थेट शेवटच्या पायरीवर जाऊन बसतो. बाजारच्या अनेक चूर्णांत जोर असतो तो सोनामुखीचा. ती अधूनमधून घ्यायला हरकत नाही, पण महिनोन्‌महिने भरपूर प्रमाणात घेतली तर जुलाब होऊन अंगातले पाणी व क्षार जातात, हातापायांतले त्राण कमी होते. जमालगोट्याच्या तर वाटेलाच जाऊ नये.

दुसरे पाहायचे ते कोठा. चरकाने मृदू कोठ्याच्या माणसाची खूण सांगितली आहे ती आपल्या लोकांना गंमतीची वाटेल : त्याला गूळ, उसाचा रस, दूध, मनुका एवढ्यानेच जुलाब होतात. आणि वायू वाढलेला क्रूर कोठ्याचा माणूस गुऱ्हाळावर बसून रस पिईल तरी काही होणार नाही. असा माणूस बहुधा कोरडा, कमी पाणी पिणारा, रात्री जागणारा. त्याला आणखी कोरडे चूर्ण देणे म्हणजे भेगाळलेल्या रानात पाणी न देता नांगर घालणे. त्याला आधी स्निग्धता हवी. जेवणात साजूक तूप, रात्री कोमट दुधात चमचाभर तूप, पोटाला कोमट तिळतेल, दिवसभर पुरेसे पाणी. भाकरी, पालेभाजी आणि सालीची डाळ ही रोज हवीत.

आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे वेग अडवणे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सातवा अध्याय यावर आहे. मळाचा वेग अडवला तर पोट दुखते, डोके दुखते, पोट फुगते आणि पोटऱ्यांत गोळे येतात असे तिथे स्पष्ट आहे. रात्रपाळीची वीज, पाटाचे पाणी, बारे फुटेल म्हणून जागचे हलायचे नाही. कळ येते आणि जाते. ट्रॅक्टर काट्यावर रांगेत उभा असतो तेव्हाही तेच. आणि फडात काम करणाऱ्या ऊसतोड बायांचे काय? आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणी पीत नाहीत, अंधार पडण्याची वाट पाहतात. त्यांना चूर्णाची पुडी देऊन काय होणार? फडाजवळ आणि कोप्यांजवळ आडोशाची, पाण्याची सोय करणे हेच त्यांचे औषध आहे, आणि ते वैद्याच्या नव्हे, तुमच्या-आमच्या हातात आहे.

औषध घ्यायचेच तर हिरड्याचे चूर्ण रात्री कोमट पाण्याशी ३ ग्रॅमच्या आसपास. भावप्रकाशात हिरडा ऋतूप्रमाणे कशाबरोबर घ्यावा ते दिले आहे : पावसाळ्यात सैंधव, शरदात साखर, हेमंतात सुंठ, शिशिरात पिंपळी, वसंतात मध आणि ग्रीष्मात गूळ. साखर आणि गूळ दोन्ही आले, सभासदांनी खूश व्हावे! पण मधुमेह असणाऱ्यांनी ही खुशी बाजूला ठेवावी. फार कोरडा कोठा असेल तर एरंडेलात परतलेला बाळहिरडा बरा. बहाव्याच्या शेंगेतला काळा मगज त्याहून सौम्य; बालक, वृद्ध आणि क्षीण माणसालाही चालतो असे चरक म्हणतो. पिकल्या शेंगा सात दिवस वाळूत पुरून, मग उन्हात सुकवून मगज काढायचा अशी त्याची रीत आहे. त्याचे प्रमाण मात्र वैद्याला विचारूनच ठरवावे.

हिरडा सर्वांना नाही. फार चालून थकलेला, कृश, उपाशी, पित्त वाढलेला माणूस आणि गर्भवती स्त्री यांनी तो घेऊ नये, असेही त्याच ग्रंथात आहे. उपवासाच्या दिवशी चूर्ण फाकणाऱ्यांनी हे वाचावे.

एक चूक सांगतो, माझीच. तिकडे असताना एक म्हातारा शेतकरी वर्षभर चूर्ण घेत होता. शौचातून रक्त जाई, मी मूळव्याध समजलो आणि दोन महिने औषध देत राहिलो. वजन उतरू लागले तेव्हा मोठ्या दवाखान्यात पाठवले. आतड्याचा कर्करोग निघाला, तोही पुढे गेलेला. तेव्हापासून मी पन्नाशीच्या पुढच्या माणसाला नव्याने मलावरोध झाला, रक्त पडले, शौचाची धार बारीक झाली, वजन घटले किंवा कधी घट्ट कधी पातळ असे होऊ लागले, तर पुडी बांधत नाही, तपासणीला धाडतो. पोट फुगून वांत्या होत असतील आणि वाराही सरत नसेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तिथे रेचक देणे जिवावर बेतेल. थायरॉईडचा विकार, मधुमेह, लोहाच्या गोळ्या, रक्तदाबाच्या काही गोळ्या यांनीही मलावरोध होतो. म्हणून चालू असलेली औषधे वैद्याला दाखवावीत, पण परस्पर बंद करू नयेत.

ज्यांना रोजच्या चूर्णाची सवय आहे त्यांनी ते एकदम सोडू नये. दर आठवड्याला पाव चमचा कमी करावे आणि तूप, पाणी, भाजी वाढवत जावे. सकाळी उठल्यावर पेलाभर गरम पाणी पिऊन, कळ येवो न येवो, ठरल्या वेळी दहा मिनिटे उकिडवे बसावे, कुंथू मात्र नये. पहिले पंधरा दिवस काही होत नाही असे वाटते. महिनाभराने मला येऊन सांगा.