फवारणी पंपाचे धुवण ओढ्यात नको

समुद्रगामी जहाजांसाठी आंतरराष्ट्रीय नियम आहे, की प्रक्रिया न केलेले मैलापाणी किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांच्या आत सोडू नये. तोवर ते जहाजातील टाकीत साठवावे लागते. अथांग समुद्राची जर एवढी काळजी, तर आपल्या ओढ्याची व विहिरीची किती घ्यावयास हवी!

नांदेड शहर विष्णुपुरीच्या जलाशयाचे पाणी पिते, तर लातूर मांजरा धरणाचे. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते. असे असूनही सोयाबीन-कापसावरील फवारणी आटोपताच पंप ओढ्यात विसळण्याची चाल अनेक ठिकाणी आढळते.

अपाय कसा होतो?

सिंथेटिक पायरेथ्रॉइड वर्गातील कीटकनाशके अत्यल्प प्रमाणातही माशांना मारक ठरतात. ओढ्याचे पाणी गुरे पितात. विहिरीच्या काठी सांडलेले धुवण खडकाच्या भेगांतून आत झिरपते, आणि साचलेल्या पाण्यातून विष सहजासहजी निघून जात नाही.

नियम काय सांगतात?

जलप्रदूषणविषयक 1974 च्या अधिनियमातील कलम 24 अन्वये विषारी पदार्थ जाणूनबुजून प्रवाहात वा विहिरीत सोडण्यास मनाई आहे. कीटकनाशक नियम, 1971 मधील नियम 44 प्रमाणे उरलेले औषध, धुवण व रिकामे डबे यांची विल्हेवाट पाणी दूषित होणार नाही अशा रीतीने लावावयाची असते.

काय करावे?

1. क्षेत्र पाहून लागेल तेवढेच द्रावण तयार करावे.
2. औषधाची बाटली रिकामी होताच ती तीन वेळा विसळून ते पाणी पंपातच ओतावे.
3. पंप ओढ्यात बुडवून भरू नये. पाणी बादलीने शेतात न्यावे.
4. पंप शेतातच धुवावा व ते धुवण त्याच पिकावर फवारावे. हातमोजे काढू नयेत.
5. रिकाम्या बाटल्या फोडून वस्ती व पाणवठा यांपासून दूर पुराव्यात. त्यांत तेल वा पाणी कदापि भरू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी फवारणीच्या प्रात्यक्षिकाची सांगता पंप धुण्याने करावी. औषध कसे मारावे हे शेतकरी बंधू पाहतातच. पंप कोठे धुवावा हेही त्यांना प्रत्यक्ष दाखविले, तर गावचा पाणवठा निर्विष राहील.