वळिवड्याची शाळा

मुंबईहून कोल्हापूरला निघालेली गाडी खंडाळ्याचा घाट चढून आमच्या लोणावळ्यास थांबते. त्याच गाडीने पुढे गेल्यास कोल्हापूरच्या अलीकडे वळिवडे हे गाव लागते. तेथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यांत पुरुष थोडे. स्त्रिया व मुलेच अधिक. दुसरे महायुद्ध अभ्यासताना आपण स्टॅलिनग्राड आणि हिरोशिमापर्यंत जातो, पण वळिवड्याला उतरत नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

ही छावणी कैद्यांची नव्हती. खरी नजरकैद त्या काळात आपल्याच जिल्ह्यात, पुरंदर गडावर होती. तेथे इंग्रज सरकारने जर्मन नागरिक ठेवले होते. वळिवड्याची माणसे मात्र कैद भोगूनच आलेली होती. १९३९ साली जर्मनी व रशिया यांनी पोलंड वाटून घेतला. पुढील दोन वर्षांत पूर्व पोलंडमधील लाखो लोकांना रशियाने मालगाड्यांत कोंबून सैबेरिया व कझाकस्तानात धाडले. १९४१ मध्ये जर्मनीने रशियावरच स्वारी केली, तेव्हा त्यांची सुटका झाली आणि त्यांतील काही इराणमार्गे हिंदुस्थानात पोचले.

छावणीत बराकी उभ्या राहिल्या, आणि त्यांबरोबर शाळाही. प्राथमिक शाळा निघाल्या, माध्यमिक विद्यालय निघाले, शिक्षक तयार करण्याचा वर्गही चालला. शिक्षक पुरेसे नव्हते, तेव्हा शिकलेल्या बायकांनी खडू हाती घेतला. पुस्तकांची चणचण होती. पोलिश सैन्याने जेरुसलेममध्ये छापवून घेतलेल्या पुस्तकांचा अशा शाळांना आधार असे. दोन-दोन वर्षे पाटी हाती न धरलेली मोठी मुले लहानांशेजारी बसत. बालवीरांची पथके होती, नाटके होत. उमादेवी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वांदा दिनोव्स्का या पोलिश विदुषी मुलांना भारताची ओळख करून देत.

मला मात्र राहून राहून त्यांच्या भूगोलाच्या तासाचा विचार येतो. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे तीन बड्या नेत्यांनी पोलंडची पूर्व सीमा मागे सरकवली. यांतील बहुतेक मुले त्याच पूर्वेकडची. ५ जुलै १९४५ रोजी ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढली. म्हणजे ज्या सरकारच्या अभ्यासक्रमाने शाळा चालत होती, त्या सरकारला ब्रिटनची मान्यताच उरली नाही. शाळा तरीही चालू राहिली. 'बाई, आमचे गाव आता कोणत्या देशात?' असे एखाद्या मुलीने विचारले असेल, तर बाईंनी फळ्यावर कोणती रेघ ओढली असेल?

हा प्रश्न मला घरातून सुचला. माझी आजी पवनेकाठच्या गावातली. १९७२ मध्ये धरण झाले नि गाव पाण्याखाली गेले. आजी शाळेची पायरी चढलेली नाही, पण वावरांची, विहिरींची, वाटांची नावे ती अजून ओळीने सांगते. उन्हाळ्यात पाणी ओसरून वाघेश्वराचे देऊळ उघडे पडले की तिला तेथे न्यावे लागते. शाळेत मी पवना धरण पाठ केले. त्याखालची गावे मला आजीने शिकवली.

छावणी उठल्यावर काही कुटुंबे पोलंडला परतली, पुष्कळशी इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशा देशांत पांगली. तेथे पोलंडच्या भूगोलाचा पोटापाण्याला काय उपयोग, असे आमचे वडील विचारतील. घरातून महाविद्यालयात येणारी मी पहिलीच. मी इतिहास विषय घेतला तेव्हाही त्यांनी हेच विचारले होते, आणि मला चटकन उत्तर देता आले नाही. आजी मात्र म्हणाली, "शिकू दे तिला. आपलं कोणी लिहून ठेवलं का?"

वळिवड्याच्या बराकी फार काळ रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे तेथे राहू लागली, आणि त्या वस्तीला गांधीनगर हे नाव पडले. त्या मुलांचीही गावे नकाशावर रेघेपलीकडे गेलेली होती.