मे महिन्यातलं विरजण

सख्यांनो, उन्हाळा लागला की गटांच्या बैठकीत एक प्रश्न ठरलेला असतो: "ताई, मार्चमध्ये मठ्ठा मस्त जमतो, मग मे लागला की दुपारीच आंबट कसा होऊन जाते?" जरीपटक्यासारख्या बाजारात गिऱ्हाईक रोजचं असतं. सोमवारी गोड आणि मंगळवारी दात आंबवणारा मठ्ठा मिळाला, की बुधवारी ते शेजारच्या गाडीवर दिसतं. म्हणून या वेळी मसाल्याचं राहू द्या, विरजणाचं बोलू.

विरजण म्हणजे जिवंत बियाणं. त्यातले जिवाणू दुधातल्या साखरेचं आम्ल करतात आणि त्या आम्लानं दूध घट्ट होतं. दूध आधी उकळायचं ते यासाठी, की नको ते जंतू मरावेत आणि विरजणाला नांगरून साफ केलेलं शेत मिळावं. पण गरम दुधात विरजण टाकलं तर बियाणंच भाजून निघतं. मनगटावर थेंब टाकून बघा, कोमट लागला की झालं.

आता खरी गोम. जानेवारीत लिटरभर दुधाला दोन चमचे विरजण घालून गंज रात्रभर झाकून ठेवतो, ते बरोबर आहे. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 पर्यंत जातो. तेव्हा अर्धा चमचा पुरतो आणि चार-पाच तासांत दही लागतं. दही लागलं म्हणून जिवाणू काम थांबवत नाहीत, आम्ल वाढतच राहतं. रात्री 9 ला विरजलेलं दही सकाळी 6 ला बघाल तर आंबट होणारच. फ्रिज असेल तर दुपारी विरजा, संध्याकाळी दही लागताच आत ठेवा, सकाळी घुसळा. फ्रिज नसेल तर पहाटे 4 ला विरजा, 9 ला घुसळा आणि दुपारपर्यंत विकेल तेवढंच करा.

उद्याचं विरजण दही लागल्या लागल्याच काढून ठेवा, उकळत्या पाण्यानं धुतलेल्या स्टीलच्या डब्यात. उरलेल्या मठ्ठ्याचं विरजण कधीच नको. त्यात मीठ, जिरं, सांभार, दिवसभराचे हात, सगळंच आलेलं असतं. दह्याला तार सुटली किंवा गुलाबी ठिपका दिसला तर सगळं फेका, जीव कळवळला तरी. म्हणूनच गटातल्या दोन घरी विरजण असावं.

एक लिटर दह्यात दोन लिटर पाणी घातलं की 200 मिलीचे 15 ग्लास होतात. म्हणजे ग्लासात जास्त पाणीच! आंबट आहे म्हणून घाण पाणी शुद्ध होत नाही. उकळून माठात गार केलेलंच घ्या. बर्फाचंही तेच. खाण्याचा नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा नियम महाराष्ट्रात 2018 पासून आहे, पण पांढरा दिसला म्हणून तो खाण्याचाच, असं धरू नका. विकणाऱ्याला विचारा. माझं मत विचाराल तर बर्फ आत टाकूच नका, मठ्ठ्याचा डबाच बर्फात ठेवा.

कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात दही लावू नका. अन्न नोंदणी अजून केली नसेल त्या गटांनी पुढच्या बैठकीला आधार कार्ड आणि फोटो आणावा, अर्ज तिथेच भरू. सोबत आपापलं वाटीभर दहीही आणा, कधी विरजलं ती वेळ चिठ्ठीवर लिहून. चव घेऊन बघू कोणाचं किती तासांत कसं झालं.