पहाटेचं दुखणं अंगावर काढू नका

डिसेंबरची थंडी होती. आमच्याकडे नळाला पहाटे पाणी येतं, म्हणून उठल्या उठल्या मोटर लावायला खाली गेलो. जिना चढून परत येताना छातीच्या मधोमध कुणी पाटा ठेवल्यासारखा दाब आला. पाठोपाठ खालचा जबडा ठणकू लागला आणि त्या गारठ्यात बनियन घामाने भिजला.

जवळच्या दवाखान्यात पित्ताची गोळी मिळाली आणि ‘दुपारपर्यंत वाट बघा’ असं सांगण्यात आलं. बायको पायरीवरच थांबली. म्हणाली, “अहो, घाम का आला ते कुणीच सांगितलं नाही. आपण घरी जायचं नाही.” शेजाऱ्यांच्या गाडीतून तिने मला थेट मोठ्या हॉस्पिटलात नेलं. पहिल्या ईसीजीत फारसं काही दिसलं नाही. पण ड्यूटीवरच्या डॉक्टर मुलीने छातीवरच्या वायरी काढू दिल्या नाहीत. थोड्या वेळाने तिने दुसरी पट्टी काढली, दोन्ही शेजारी शेजारी धरल्या आणि रेघ कुठे वर चढली आहे ते बोटाने दाखवलं. त्या सकाळीच अँजिओप्लास्टी झाली.

पुढे तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांना विचारलं, हे पहाटेच का झालं? त्यांनी जे समजावलं आणि नंतर मी जे वाचलं, ते प्रत्येक घरात माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

अमेरिकेतले डॉ. जेम्स मुलर आणि त्यांचे सहकारी यांनी 1985 साली दाखवून दिलं, की हार्ट अटॅक दिवसभर सारखे विखुरलेले नसतात. सकाळी नऊच्या सुमारास त्यांचं प्रमाण रात्री अकराच्या मानाने सुमारे तिप्पट होतं. कारण पहाटे शरीर कामाला लागण्याची तयारी करत असतं. कॉर्टिसॉल वाढतं, बीपी चढतं, नाडी जलद होते. आपण उठून उभे राहिलो की रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना जास्त चिकटू लागतात. 1987 मधल्या एका अभ्यासात माणसांना सकाळी अंथरुणातच पडून राहायला सांगितलं, तेव्हा प्लेटलेटच्या चिकटण्यातली ही वाढ दिसली नाही.

दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. गुठळी विरघळवण्याची सोय रक्तात मुळातच असते. पीएआय-1 नावाचं एक प्रथिन त्या सोयीला लगाम घालतं आणि ते पहाटे सर्वात जास्त असतं. म्हणजे गुठळी व्हायला रक्त तयार आणि ती विरघळवायला मंद, अशी वेळ एकत्र येते. निरोगी माणसाचं त्याने काही बिघडत नाही. पण रक्तवाहिनीत चरबीचा थर असेल आणि नेमका तेव्हा तो फुटला, तर धोका वाढतो.

नोकरीची बरीच वर्षं मी थर्ड शिफ्ट केली, म्हणून बोस्टनच्या संशोधकांचा 2014 सालचा अभ्यास मी दोनदा वाचला. झोपेच्या आणि जेवणाच्या वेळा मुद्दाम फिरवल्या, तरी पीएआय-1 आतल्या घड्याळाप्रमाणे पहाटे साडेसहाच्या सुमारासच शिगेला पोहोचत होतं. शिफ्ट बदलली म्हणून शरीराचं घड्याळ लगेच बदलत नाही. रात्रपाळी करणाऱ्यांनी, त्यातही डायबेटिस किंवा बीपी असेल तर, तपासण्या टाळू नयेत.

हे वाचून कुणी सकाळचं फिरणं सोडू नये. नियमित चालण्याचा फायदा या धोक्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. मला डॉक्टरांनी एवढंच सांगितलं, की जाग आली की थोडा वेळ अंथरुणात बसा, थंडीत कान-छाती झाका, सुरुवात सावकाश करा आणि उठल्या उठल्या बादल्या उचलू नका.

गोळ्यांच्या वेळा स्वतःहून बदलू नका. बीपीची गोळी रात्रीच घ्यावी, असे निरोप मोबाईलवर फिरतात. ब्रिटनमध्ये 21 हजारांहून जास्त लोकांवर झालेल्या, 2022 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सकाळ आणि संध्याकाळ यांत हार्ट अटॅकच्या दृष्टीने फरक आढळला नाही. गोळी रोज, ठरलेल्या वेळी, न चुकता घेणं महत्त्वाचं. स्टेंट बसवलेल्यांनी तर रक्त पातळ करणारी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नये. छातीत दुखलं म्हणून शेजाऱ्याची सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली ठेवू नये. बीपी धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकतं.

छातीत दाब, जबडा किंवा हात दुखणं, दम, कारण नसताना घाम, यातलं काही असलं की 108 ला फोन करा. स्वतः गाडी चालवू नका. डायबेटिस असलेल्यांना आणि बायकांना छातीत फारसं न दुखताही अटॅक येऊ शकतो, त्यांना कधी कधी नुसता दम लागतो किंवा मळमळतं. पहिला ईसीजी बरा आला आणि त्रास चालूच असेल, तर दुसरा काढायला सांगा. ट्रोपोनिन या रक्तातल्या प्रथिनाची तपासणीही गरजेप्रमाणे काही तासांनी पुन्हा करतात.

आणि त्रास किती वाजता सुरू झाला, ते घरातल्या कुणीतरी लगेच लिहून ठेवा. अँजिओप्लास्टीची सोय लांब असलेल्या गावात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं की नाही, हे डॉक्टर त्या वेळेवरूनही ठरवतात. ते जितकं लवकर मिळेल तितका हृदयाचा जास्त भाग वाचतो.