पुलाचे रसग्रहण

कविता, नाटक, चित्र यांचे रसग्रहण कसे करावे हे आपल्याला वर्गात शिकविले जाते. पुलाचे रसग्रहण मात्र कोणत्याच अभ्यासक्रमात नाही. पूल ही ओलांडून जाण्याची वस्तू. तीत पाहायचे काय, असा आपला समज असतो. अहमदाबादच्या एका दिवसाच्या सहलीत मी साबरमतीवरील अटल पूल पाहिला आणि हा समज तपासून पाहावासा वाटला.

एलिस पूल आणि सरदार पूल यांच्या दरम्यान हा पूल आहे. त्याचे उद्घाटन २७ ऑगस्ट २०२२ रोजी झाले. लांबी सुमारे ३०० मीटर, रुंदी १० ते १४ मीटर. वाहनांना येथे प्रवेश नाही. आपण ज्याला संक्रांत म्हणतो त्या उत्तरायणात अहमदाबादचे आकाश पतंगांनी भरून जाते. त्या पतंगांवरूनच पुलाच्या रंगीत कापडी छपराची कल्पना सुचली. गंमत अशी की, तिकीट काढून येथे येणारी बरीचशी माणसे पलीकडे पोहोचण्यासाठी येतच नाहीत. ती मध्येच थांबतात, कठड्याशी उभी राहून नदी पाहतात आणि आल्या वाटेने परततात. थांबण्यासाठी बांधलेला पूल मी प्रथमच पाहिला.

पण रंग हे त्याचे वरवरचे रूप झाले. खरे पाहण्यासारखे आहेत ते पोलादी नळ्यांचे सांगाडे. नळ्या तिरप्या जोडल्या की त्रिकोण तयार होतात. चार काठ्यांचा चौकोन बाजूने रेटला तर कलतो. तीन काठ्यांचा त्रिकोण, काठी वाकल्या-तुटल्याशिवाय, कलत नाही. नळी पोकळ का, याचे उत्तर बांबूत आहे. तेवढ्याच वजनाची भरीव कांब बारीक होते व लवकर वाकते. पोकळ नळी भार अधिक पेलते. शेजारच्या एलिस पुलाच्या धनुष्याकृती कमानींकडे पाहतानाही हाच प्रश्न विचारावा : भार कोठून कोठे जातो? तो पूल १८९२ सालचा. त्याआधीचा लाकडी पूल १८७५ च्या पुरात वाहून गेला होता.

आता याच प्रश्नाची दुसरी बाजू. अटल पुलाच्या उद्घाटनानंतर दोनच महिन्यांनी, ३० ऑक्टोबर २०२२ रोजी, त्याच गुजरातेत मोरबी येथे मच्छू नदीवरील झुलता पादचारी पूल कोसळला आणि १३५ माणसे मृत्युमुखी पडली. संस्थानी काळातला तो पूल दुरुस्तीनंतर २६ ऑक्टोबरला पुन्हा खुला झाला होता. झुलत्या पुलाचा सारा भार दोरांवर असतो. तेथील एका मुख्य दोरात सात पदर व प्रत्येक पदरात सात तारा, अशा ४९ तारा होत्या. त्यांपैकी २२ गंजलेल्या होत्या, असे चौकशी पथकाच्या अहवालात म्हटले आहे. सणाच्या सुट्टीत पुलावर गेलेल्यांना नदी दिसत होती, तारा दिसत नव्हत्या.

या दुर्घटनेनंतर अटल पुलावर तासाला ३,००० पेक्षा अधिक माणसे सोडायची नाहीत, असे ठरविण्यात आले. पुलाची क्षमता १२,००० माणसांची असल्याचे सांगूनही ही मर्यादा घालण्यात आली. मला हा निर्णय छपराइतकाच महत्त्वाचा वाटतो. आमच्या गावच्या ओढ्यावर साधी फरशी आहे. तिला रूप नाही. पण पाणी चढले की तिची मर्यादा लहान मुलालाही दिसते. देखण्या पुलाची मर्यादा अशी दिसत नाही. ती कोणीतरी आधी काढावी लागते, लिहून लावावी लागते आणि गर्दीच्या दिवशीही पाळावी लागते.

नाटकातला रंगमंच खचला तर आपण संहितेला दोष देत नाही. पुलाच्या बाबतीत मात्र रचना, देखभाल आणि माणसांची मोजणी यांना वेगळे करता येत नाही; तिन्ही मिळूनच पूल होतो. म्हणून पुलाचे रसग्रहण करताना छपराचे रंग जरूर पाहावेत, नळ्यांचे त्रिकोणही पाहावेत. पण शेवटी दारावर उभे राहून आत किती माणसे गेली हे मोजणाऱ्या माणसाकडेही पाहावे. तो रोज मोजतो, म्हणून आपल्याला निवांतपणे नदी पाहता येते.