दादींसाठी घर

(घरात कोणी चाकांच्या खुर्चीवर असेल, तर नवे घर शोधताना अनेक गोष्टी पाहाव्या लागतात. त्या कोणत्या, ते या पाठात एका मुलीने सांगितले आहे.)

आम्ही भिवंडीला राहतो. अब्बा यंत्रमागाच्या कारखान्यात काम करतात. आमचे जुने घर तिसऱ्या मजल्यावर होते. इमारतीला लिफ्ट नव्हती. दादींना लकवा झाला, त्यांची उजवी बाजू लुळी पडली आणि घरात चाकांची खुर्ची आली.

दादींना दवाखान्यात न्यायचे असले, की अब्बा आणि शेजारचे दोन चाचा त्यांना खुर्चीसकट उचलून खाली नेत. दादी डोळे घट्ट मिटून घेत. एकदा खुर्ची कलंडता कलंडता वाचली. त्या रात्री अब्बा म्हणाले, "आता दुसरे घर पाहायलाच हवे."

सुट्टीच्या दिवशी अब्बा, अम्मी आणि मी घरे पाहायला निघालो. पहिल्या इमारतीला लिफ्ट होती. मला आनंद झाला. पण लिफ्टपर्यंत जायला सहा पायऱ्या चढाव्या लागत होत्या. शिवाय वीज गेली, की लिफ्ट बंद!

दुसरे घर प्रशस्त होते. अब्बांना ते पसंत पडले. अम्मीने पिशवीतून शिवणकामाची टेप काढली. दादींची खुर्ची ६५ सेंटिमीटर रुंद होती. न्हाणीघराचे दार भरले ६० सेंटिमीटर! अम्मी म्हणाली, "खुर्ची आत गेली पाहिजे आणि अंघोळ घालायला मलाही जवळ उभे राहता आले पाहिजे."

तिसऱ्या घराचा मालक म्हणाला, "आजारी माणूस असेल, तर आम्ही घर देत नाही." परत येताना अब्बा एक शब्दही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी सरांना हे सांगितले. सर म्हणाले, "दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. सार्वजनिक इमारतींत त्यांना सहज ये-जा करता यावी, असे तो सांगतो. पण केवळ कायद्याने जुन्या पायऱ्या नाहीशा होत नाहीत. त्यासाठी माणसांची इच्छाही लागते." मग त्यांनी फळ्यावर आकृती काढली. "पायरी जितकी उंच, तिच्या बारा पट लांब उतार करावा. मग खुर्ची ढकलणे सोपे जाते."

घरी येऊन मी विचारले, "दादी, तुम्हाला कसे घर हवे?"

दादींच्या डोळ्यांत पाणी आले. अडखळत त्या म्हणाल्या, "बेटा, इतके दिवस तुम्ही माझ्यासाठी घर शोधता, पण मला आज पहिल्यांदा कोणी विचारले. मोठे घर नको. दारात बसता यावे, येणाऱ्या-जाणाऱ्यांशी दोन शब्द बोलता यावे, एवढेच."

पुढच्या वेळी आम्ही दादींनाही बरोबर नेले. खाली उतरवताना त्यांनी या वेळी डोळे मिटले नाहीत.

ते घर तळमजल्यावर होते. खोल्या दोनच, पण दार ९० सेंटिमीटर रुंद होते. न्हाणीघरातही पुरेशी जागा होती. दाराशी मात्र १५ सेंटिमीटर उंचीची एक पायरी होती. मी मनात हिशेब केला आणि ओरडले, "अब्बा, १८० सेंटिमीटरचा उतार लागेल!"

अब्बांनी संकोचाने घरमालकीणबाईंकडे पाहिले. त्या वृद्ध होत्या. हसून म्हणाल्या, "खुशाल बांधा. उद्या मलाही लागेल."

आता अम्मी एकटीच दादींची खुर्ची बाहेर आणते. मी शाळेला निघते, तेव्हा दादी दारात बसलेल्या असतात. गल्लीतले सगळे त्यांना सलाम करून पुढे जातात.

शब्दार्थ

लकवा – अर्धांगवायू, पक्षाघात
कलंडणे – एका बाजूला झुकून पडणे
प्रशस्त – मोठे, ऐसपैस
न्हाणीघर – अंघोळीची खोली
संकोच – मनाचा अवघडलेपणा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पहिल्या इमारतीत कोणती अडचण होती?
(आ) दादींना कसे घर हवे होते?

२. कोण, कोणास म्हणाले?
"खुशाल बांधा. उद्या मलाही लागेल."

३. पायरी २० सेंटिमीटर उंच असेल, तर उतार किती लांब लागेल?

४. तुमच्या शाळेत चाकांच्या खुर्चीवरून कोठे कोठे जाता येईल, ते पाहा व पाच वाक्ये लिहा.