वेताळाने शिवी द्यावी का?

सुरतेच्या लिंबायत भागातल्या मराठी मुलांसाठी मी एक खेळपुस्तक लिहायला घेतलं. वळणावळणावर वाचकानेच वाट निवडायची आणि सांगितलेल्या पानावर जायचं, अशा जातीचं. तापीकाठचा किल्ला जमला, भुयारं जमली, वाट अडवणारा वेताळही जमला. घोडं अडलं ते शिवीपाशी.

१. सुरतेत मुलांच्या कानावर शिवी पडू द्यायची नाही, हा बेतच भाबडा. ‘सुरतेचं जेवण आणि काशीचं मरण’ असं म्हणतात, पण सुरती शिवीची ख्यातीही काही कमी नाही. जुने दोस्त भेटले की आधी शिवी, मग खुशाली. आमच्या पोरांच्या घरात अहिराणी, शाळेत मराठी आणि गल्लीत गुजराती-हिंदी. म्हणजे शिव्यांचा साठा माझ्यापेक्षा मोठा. माझा वेताळ ‘दुष्टा, थांब!’ म्हणाला, तेव्हा आईबरोबर साडीला टिकल्या चिकटवणाऱ्या एका मुलीने मान वर न करता विचारलं, “काका, हा वेताळ पुण्याचा आहे का?”

२. खेळपुस्तकातली शिवी थेट वाचकाला बसते. कादंबरीत ती नायक झेलतो. इथे नायक म्हणजे ‘तू’. १९८२ साली आलेल्या ‘द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन’ या खेळपुस्तकाचे ४०० तुकडे याच ‘तू’वर उभे आहेत. त्यामुळे ‘तू शिवी हासडतोस’ असं लिहिलं की मुलाच्या तोंडी ती मीच घातली. वाट त्याने निवडायची आणि जीभ मात्र माझी, हे काही मनाला पटेना.

३. शिवी गाळणं सोपं, नवी घडवणं अवघड. टिनटिनच्या चित्रकथांतला कॅप्टन हॅडॉक १९४१ मध्ये एका वर्तमानपत्राच्या मुलांच्या पुरवणीत अवतरला आणि एकही अश्लील शब्द न वापरता शिव्यांचा बादशहा झाला. मीही कंबर कसली. माझ्या घडीव शिव्यांवर कुणी हसेना. मग ज्याचा बाप लूमवर कापड विणतो असा एक पोरगा ओरडला, “अरे, डॅमेज ताक्या!” सगळी खोली खिदळली. वेताळाने तीच शिवी घेतली.

४. वाईटातली वाईट शिवी कधीकधी सोवळ्यात असते. आपल्या जुन्या अद्भुत कथांत राजे आणि ऋषी बिनदिक्कत ‘चांडाळा’ म्हणतात, आणि आपण ते मुलांना मोठ्याने वाचून दाखवतो. ते तर एका जातीचं नाव. आईबहिणीवरच्या शिव्यांचंही तेच: भांडण दोघांचं, घाव तिसऱ्यावर. हे लक्षात आल्यापासून मी शब्द किती घाण आहे हे बघत नाही, लागतो कुणाला ते बघतो. ज्याला दिली त्यालाच लागणार असेल, तर वेताळाने खुशाल द्यावी.

५. उपदेशापेक्षा पानाचा आकडा बरा. आता पुस्तकात असं आहे: ‘वेताळाने वाट अडवली. शिवी द्यायची तर पान ३१, गप्प राहायचं तर पान ४४.’ ३१ वर बोधामृत नाही. वेताळ सवाई शिवी देतो आणि तुझे दोन शक्तिगुण कापतो. मुलं ४४ मध्ये बोट अडकवून ३१ उघडतात. पालक काळजीने विचारतात, “३१ वर काय आहे हो?” मी पुस्तक त्यांच्याच हातात देतो. ४४ आधी उघडणारा पालक मला अजून भेटायचाय.